इतर

माझं ऑफिस आधी डोनटचं दुकान होतं.
टोलीडोत हवा दमट झाली की
भिंती अजून साखरेचा वास सोडतात
आणि विम्याला आलेली माणसं
उगीचच भुकेजतात.

बर्निस ऑस्त्रोव्स्की मंगळवारी आली.
पर्समधून चार घड्यांचा कागद काढून म्हणाली,
हे महिन्याला एकशे अठ्ठेचाळीस मागतात.
मला शंभर झेपतात.
एकशे पाच म्हणालास तर मी रागावणार नाही,
पण तू शंभर म्हण.

शाळेच्या कँटीनमध्ये ती मुलांना वाढते.
गाडी ब्यूक, दोन हजार नऊची,
मागचं डावं दार आतून उघडत नाही.
मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
माझा धंदा उलटा,
मी गिऱ्हाइकाचे पाय मोजतो
आणि अंथरूण कापत जातो.

स्वतःच्या चुकीनं ठोकली तर दुरुस्ती?
‘गाडीचे दोन हजार तरी येतील का? काढ.’
एकशे बावीस.

गॅरेजमध्ये असेल तेव्हा भाड्याची गाडी?
‘बहीण समोर राहते. तिची घेईन.’
एकशे सतरा.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे.
तिथे पिनकोड बदलतो,
आणि तेच खड्डे, तोच बर्फ
महिन्याला अकरा डॉलर स्वस्त पडतो.
‘गाडी रात्री तिच्याकडे असते असं लिहिलं तर?’
आणि तुम्ही झोपता कुठे?
‘झोप लागते कुठे,’ ती म्हणाली.
मी काहीच टाइप केलं नाही.

चोरी, गारा, नोव्हेंबरात आडवी येणारी हरणं?
‘काढ. हरणांशी मी बोलेन.’
एकशे आठ.

मग दुसरा चालक: चेस्टर ऑस्त्रोव्स्की.
‘त्याला काढावं लागेल. मार्चमध्ये गेला.’

चालक वगळण्याचं कारण निवडा, स्क्रीन म्हणाली.
स्थलांतर. घटस्फोट. परवाना रद्द. इतर.
मी ‘इतर’ दाबलं.
एक माणूस कमी झाला, आकडा खाली यायचा
तर वर चढला.
एकशे सतरा.

मला समजावून सांगावं लागलं
की ‘विवाहित’च्या चौकटीत आता ‘एकटी’ आलं,
आणि कुठल्याशा तक्त्यात
एकट्या बाया नऊ डॉलरनी जास्त धडकतात.
सांगताना मी स्टेपलरकडे बघत होतो.

बर्निस हसली, अगदी खांदे हलवून.
‘गेली दोन वर्षं खुर्चीतून उठत नव्हता.
मी म्हणायचे, काही कामाचा राहिला नाहीस.
आणि हा महिन्याला नऊ डॉलर कमवत होता!’

एक शेवटची ओळ होती. काढली तर बरोबर शंभर.
ज्यांच्याकडे विमाच नाही
अशांनी येऊन ठोकलं, तर त्याचं कव्हर.
सतरा डॉलर. मला वाटलं, झालंच काम.

‘ते राहू दे.’
पण शंभर—
‘माझ्या बहिणीचा थोरला, लायल,
मन्रो स्ट्रीटवर रोज सकाळी आठला असतो.
एका हातात कॉफी, दुसऱ्यात फोन,
आणि विमा कुठल्याच हातात नाही.
त्याचे लंगोट मी बदललेत.
रस्त्यावर कोण आहे हे मला तू नको सांगूस.’

कागदावर तिने एकशे सतरा लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.
जाताना विचारलं, इथे मेपलवाला मिळायचा ना?
हो. आमच्या आधी.

संध्याकाळी फाइल बंद होईना.
‘इतर’ निवडल्यास कृपया स्पष्ट करा,
जागा वीस अक्षरांची.
मी तिला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज.
‘लिही,’ ती म्हणाली,
‘बेचाळीस वर्षं गाडी चालवली, एकही दंड नाही.’

बसत नव्हतं.
मी आधी गाडी काढली,
मग वर्षं काढली,
बेचाळीससुद्धा काढले.

एकही दंड नाही.

सिस्टिमने ते घेतलं.